ठेव

मंगळवार आणि शुक्रवार, सात ते सव्वाआठ,
नाना पेठेत, स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानावर
माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो.
जिन्याला ग्रीसचा वास. पंखा तीनवरच अडकलेला.
त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द होता, कीप.

सोपा आहे, असं मीच म्हणाले.
कीप युवर वर्ड. शब्द पाळणे.
आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो,
मांजरही पाळतो. गुपित मात्र पोटात ठेवतो
आणि अब्रू राखतो.
इंग्रजीत या सगळ्यांना एकच दावं.
कीप ॲन आय आलं तेव्हा म्हटलं, जपून,
लक्ष ठेवा म्हणा. नुसता डोळा ठेवलात
तर शेजारच्यांशी भांडण होईल.
कीप अ स्ट्रेट फेसला मागची मुलं इतकी हसली
की अर्थ सांगायचा राहूनच गेला.

इलाही तांबोळी हसले नाहीत.
स्वारगेट स्टँडवर सामान ठेवायच्या खोलीत
बत्तीस वर्षं नोकरी. वर्गात सर्वांत मोठे, माझ्याहूनही.
त्यांनी पासाच्या प्लॅस्टिकमधून चिठ्ठी काढली.
मॅडम, प्लीज कीप म्हणजे काय?

अकरा वर्षांपूर्वी एक बाई आली होती,
सातारा गाडी लागलेली, ड्रायव्हर हॉर्न देतोय.
निळी पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली
आणि पावती न घेताच पळाली.
पेटीला ही चिठ्ठी. दोन शब्द, खाली सही नाही.

नियम तीन महिन्यांचा. मग लिलाव.
तपासणी आली की पेटी हलायची,
टेबलाखाली, जुन्या रजिस्टरांमागे,
एकदा तर कॅन्टीनच्या कांद्यांच्या पोत्याआड.
भाडं त्यांच्या खिशातून.
खंडेनवमीला स्टँडवरच्या सगळ्या लोखंडाला हळदकुंकू लागतं,
तेव्हा तिच्या कुलपात ते दोन थेंब तेल सोडायचे.
उघडली? छे.

मार्चअखेर रिटायर होतोय, म्हणून क्लास लावला.
तुम्ही सांगा, तिनं काय लिहिलंय?
ठेवा, की ठेवून घ्या?

व्याकरणात असतं तर दिलं असतं उत्तर.
पुढे कर्म नाही. किती दिवस, ते नाही.
आणि मला, भर वर्गात, ससूनचा वॉर्ड दिसला.
वहिनीनं नळ्यांमधून हात काढून मला जवळ ओढलं,
कानात एक गोष्ट सांगितली
आणि म्हणाली, ठेव.
कुणासाठी, कधीपर्यंत, विचारायचं राहिलं.
दादा अजून दर रविवारी चहाला येतो.
मी साखरेचा डबा पुढे सरकवते,
पावसाचं, पेन्शनचं, पाण्याच्या टँकरचं बोलते.

तांबोळी, मी विचारलं,
तुम्ही काय समजून ठेवलीत?

समजून नाही ठेवली मॅडम. नुसती ठेवली.

एप्रिलमध्ये ते तीन आठवडे दिसले नाहीत.
फी परत मागायला येतील असं वाटलं. आले ते वही घेऊन.
पेटी? घरी नेली नाही.
नव्या पोराला, करमाळ्याचा आहे, सुजित नाव,
फळीवर हात टेकवून दाखवली, चिठ्ठी वाचून दाखवली.
पोरगा म्हणाला, काका, इंग्लिश येतं मला.
म्हटलं, येऊ दे. तरी ऐक.
आणि तेलाची बाटली कुठे असते तेही सांगितलं.

वहीत गृहपाठाचं एकच वाक्य होतं,
टपोऱ्या अक्षरात, रेघेच्या वर तरंगणारं :
आय ॲम कीप.

चूक आहे. मी लाल पेन उघडलं,
जरा वेळ धरून बसले,
मग खाली तारीख घातली
आणि सही केली.